खंडाचे दिवस

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात रोज कुठं ना कुठं नवी पाटी लागायची. काल जिथं पेंडीची पोती होती तिथं आज टेबलखुर्च्या. आमचं ऑफिसही असंच भाड्याच्या गोदामात आलं. आधी तिथं शेंगा ठेवायचे. फरशी कितीही पुसली तरी दुपारी पत्रे तापले की तेलाचा वास वर यायचा. ती फरशी पुसायची आणि ऑफिसचं पिण्याचं पाणी भरायचं, या कामाला मी रोजंदारीवर लागले.

माझं माहेर कंधारकडचं. लग्न होऊन लातुरात आले. हे मोंढ्यात हमाली करायचे. त्या वर्षी पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. मोंढ्यात तूर येईना, हरभरा येईना. हे सकाळी जायचे, अडत्याच्या ओट्यावर बसायचे आणि दुपारी तसेच परत यायचे. अंगावर पोत्याची धूळ नसायची, त्यावरून मला कळायचं. दोन मुली लहान होत्या. कुणीतरी ह्यांना सांगितलं की नव्या ऑफिसात बाई पाहिजे, चौथी पास असली तर पुढं कायम करतात. मी चौथी पास होते. ह्यांनी मला नेऊन बडेबाबूंपुढं, म्हणजे तिथल्या मोठ्या कारकुनापुढं, उभं केलं.

बडेबाबूंनी माझ्याकडं बघून विचारलं, "हिला बोलता येतं का?"

हे म्हणाले, "येतं साहेब, पण बोलत न्हाई."

"मग बरंय. ऑफिसात अशीच बाई पाहिजे."

तिथं आधीच एक बाई होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. उदगीरच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि राग आला की तोंडात कानडी. त्यांची नोकरी फार जुनी. बिलोलीला काढली, नांदेडला काढली, आणि नवा जिल्हा झाला तशी बदलून लातूरला आल्या. अक्का कायम होत्या. काम आमचं दोघींचं एकच. अर्धं गोदाम त्यांनी झाडायचं, अर्धं मी. त्यांचे गुडघे धरले होते म्हणून पाणी मी आणायचं आणि साहेब लोकांना ग्लास त्यांनी नेऊन द्यायचा. मला तेच बरं वाटायचं. मला लोकांपुढं जायला नको असायचं.

ऑफिसची बोअर आटली होती. टँकर कोपऱ्यावर थांबायचा. मी घागर घेऊन गेले की रांगेतल्या बाया म्हणायच्या, "सोडा गं सोडा, सरकारी बाई आली! सरकारला तहान लागली!" कुणी पुढं सोडायचं, कुणी घागर आडवी लावायचं. एक जण तर रोज म्हणायची, "तुला काय बाई, बसून पगार." मी खाली बघून उभी राहायचे. बसून पगार अक्कांना होता, तोही बसून नव्हताच.

रोजंदारी आणि कायम यात काय फरक असतो ते मला पहिल्या महिन्यात कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात कळलं. रविवारचे पैसे अक्कांना मिळायचे, मला नाही. सणाचे तसंच. एकदा दिल्लीकडचे कुणी मोठे पुढारी वारले. रेडिओवर बातमी आली, ऑफिसला सुट्टी झाली. सगळे हळहळत, पण पटापट सायकली काढून घरी निघाले. अक्का म्हणाल्या, "चल, आज तरी पाठ टेकू." मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, आजचा रोज गेला. हे म्हणाले, "मेला तो मोठा माणूस, आणि खड्ड्यात आपण." मग आपलं बोलणं कुणी ऐकलं तर नाही म्हणून त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं.

पगाराच्या दिवशी अक्का पैसे कमरेला खोवायच्या आणि माझ्याकडं पाठ करायच्या. मला वाईट वाटू नये म्हणून. पण थोड्या वेळानं त्यांनाच राहवायचं नाही. "पुरत न्हाई बघ. महागाई लई झाली." मी म्हणायचे, "हाव अक्का." माझी बिलं कधी दोन महिन्यांनी निघायची, कधी तीन. त्यांना वर्षाला दोन साड्या मिळायच्या, निळ्या काठाच्या. एक जुनी त्यांनी मला दिली. मी ती नेसून ऑफिसला आले तर बडेबाबू म्हणाले, "ही घरी नेसत जा. इथं नेसलीस तर लोकांचा गैरसमज होतो."

अक्का त्यांना म्हणाल्या, "कशाचा गैरसमज? काम तर तीच करून राहिली."

"अक्का, तुमी जुन्या. तुमच्या वेळचं येगळं होतं."

ते खरं होतं. अक्काही रोजंदारीनंच लागल्या होत्या. पण त्यांच्या वेळी साहेबानं वर्षभरानं म्हटलं, उद्यापासून तू कायम, आणि त्या कायम झाल्या. माझ्या वेळेपर्यंत सरकार शहाणं झालं होतं.

आता खंडाचं सांगते. रोजंदारीच्या माणसाची हजेरी सलग दिसू द्यायची नाही, अशी रीत होती. काही महिने झाले की थोडे दिवस खंड म्हणून आमचं नाव हजेरीतून काढायचं आणि मग पुन्हा नव्यानं लावायचं. म्हणजे कागदावर आम्ही सारखे नवेच. मी बडेबाबूंना एकदाच विचारलं, असं का.

"सलग दिसलं की तुमी लोक कोर्टात जाता."

"कोर्ट कुठं हाय तेच मला माहीत न्हाई."

"आज न्हाई. पुढं कुणीतरी दाखवील."

पण खंडातही पाणी तर लागायचंच. पहिला खंड लागला तेव्हा मी घरी बसले. दुसऱ्या दिवशी बडेबाबूंचा निरोप आला. मी गेले. ते म्हणाले, "हे बघ, मी तुला जबरदस्ती करत न्हाई. पण तू न्हाई आलीस तर मला दुसरी बाई बघावी लागंल. ती कामाला चांगली निघाली तर मग मी काय करू, सांग?" मी काय सांगणार. तेव्हापासून खंडाच्या दिवसांतही मी यायचे. पैसे नाहीत, नाव नाही. फक्त एक अट होती: बाहेरचा कुणी आला की मी दिसायचं नाही. जीप वाजली की मी पाण्याच्या खोलीत जायचे. तिथं रांजण होते आणि दाराला पोत्याचा पडदा. अक्कांना हे माहीत होतं, चौकीदाराला माहीत होतं, सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मलाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं. अंगवळणी पडलं.

चौकीदार माझ्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागलेला. निलंग्याकडचा, मिशा मोठ्या, मन साधं. तोही रोजंदारीवर, त्यालाही खंड. मला वहिनी म्हणायचा. त्याचा आणि माझा खंड वेगवेगळ्या वेळी यायचा, म्हणजे ऑफिस अडू नये.

त्या दिवशी माझा खंड होता, त्याचा नव्हता.

दुपारची वेळ. बडेबाबू ट्रेझरीत गेले होते. मी टँकरवरून शेवटची घागर आणून रांजणात ओतत होते, तेवढ्यात जीप वाजली. अक्का आत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, नांदेडच्या वरच्या ऑफिसचे साहेब! न सांगता आले. बाहेर येऊ नको." मी पडदा ओढून भिंतीला टेकले.

साहेबांनी पाणी मागितलं. अक्का आत आल्या, मी ग्लास भरून त्यांच्या हातात दिला, त्या घेऊन गेल्या. मग मला साहेबांचा आवाज ऐकू आला. ते विचारत होते, "इथं रोजंदारीवर कोण कोण आहेत? समोर या."

चौकीदाराच्या चपला वाजल्या.

"अजून?"

चौकीदार खाकरला.

"पाणी कोण भरतं इथलं?"

"मीच की साहेब," अक्का म्हणाल्या.

"या वयात?"

"सवय हाय."

"म्हणजे रोजंदारीवर हा एकच?"

"एकच साहेब. दुसरं कुणी न्हाई."

मी आत उभी होते. माझ्या हाताला ओली घागर होती आणि ती वाजू नये म्हणून मी ती पोटाशी धरून ठेवली. मला त्या वेळी काय वाटलं? हायसं वाटलं. अक्कांनी वाचवलं, असं वाटलं. साहेब गेले, जीप गेली, तेव्हा अक्का पडदा सारून आत आल्या आणि पदरानं तोंड पुसून हसल्या. म्हणाल्या, "अय्यो, विचारत होता, पाणी कोण भरतं म्हणून! माझे गुडघे बघून हसला असंल मेला." मीही हसले.

बडेबाबू संध्याकाळी आले. अक्कांनी सगळं रंगवून सांगितलं. बडेबाबू ऐकता ऐकता खुर्चीवर बसले. आधी म्हणाले, "बरं झालं, हिचं नाव न्हाई सांगितलं. माझी नोकरी गेली असती." मग म्हणाले, "पण अक्का, ते त्यासाठी न्हवते आले. वरून हुकूम हाय, मला बी आज ट्रेझरीत कळलं. जिथं जिथं जुने रोजंदार हाईत, ते जागेवर बघून त्यांची नावं कायमला घ्यायची. फक्त साहेबाच्या डोळ्यापुढं जो असंल त्याचंच."

अक्का खाली फरशीवर बसल्या. गुडघे धरलेली बाई, एकदम बसल्या. कानडीत काहीतरी पुटपुटल्या, मला कळलं नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी तुझं वाटोळं केलं गं."

मी म्हणाले, "न्हाई अक्का." घागर उचलून ठेवली आणि घरी आले. ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मोठी मुलगी विचारत होती, काय झालं, बाबांना काय झालं.

पुढं काही महिन्यांनी चौकीदाराचा हुकूम आला. तो कायम झाला. पगार माझ्या दुपटीच्या वर गेला, रविवार लागले, सण लागले. त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. माझ्यापुढं आला तेव्हा त्याचा हात थांबला. म्हणाला, "वहिनी, तुमी तर माझ्या आधीच्या."

"हाव."

"मी सांगणार होतो त्या दिवशी. पण अक्का न्हाई म्हणल्या. अक्का मोठ्या. मोठ्या माणसाला खोटं कसं पाडावं?"

त्याचं खरं होतं. मी पेढा घेतला. घरी नेऊन मुलींना अर्धा अर्धा दिला. त्यांनी विचारलं कशाचा, तर मी म्हणाले, देवाचा.

तेव्हापासून अक्कांचं माझ्याशी वागणं बदललं. आधी त्या मला रागवायच्या, हसायच्या, माझ्या भाकरीवर त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घालायच्या. आता नुसती चटणी घालायच्या. एक दिवस म्हणाल्या, "चल नांदेडला. त्या साहेबाच्या पुढं उभं राहू. मी माझ्या तोंडानं सांगते की ही होती, मीच लपवली." मी नको म्हणाले. हे म्हणाले, "जा." ह्यांनी पहिल्यांदाच मला ऑफिसच्या कामात काही सांगितलं. म्हणून मी तयार झाले. अक्कांनी रजा टाकली. त्यांना रजेचे पैसे मिळत होते. माझा पुढचा खंड यायचा होता, तेव्हा जायचं ठरलं, म्हणजे माझा रोज बुडणार नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी बडेबाबू पाण्याच्या खोलीत आले. ते तिथं कधी येत नसत. मला वाटलं रागावतील. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, मला कळलंय तुमी कुठं चालला. जा. पण मी तुला खंडात बोलवत होतो, एवढं सांगू नको. सांगितलंस तर माझं सस्पेंड ठरलेलं. माझ्या बी दोन लेकी हाईत, लग्नाच्या." मी मान हलवली. माझ्यासमोर कधी कुणी हात जोडले नव्हते. मला ते बघवेना.

सकाळच्या गाडीनं निघालो. अहमदपूर, लोहा, मग नांदेड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं नुसती ढेकळांची. माझ्या माहेरचा फाटा आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, कुणी ओळखीचं दिसलं नाही. अक्का वाटेत मला शिकवत होत्या: "साहेबानं विचारलं तर मान खाली घालू नको. आणि हाव न्हाई तरी नीट तोंडानं बोल, मान हलवू नको."

साहेबांच्या दाराशी बसलेला शिपाई अक्कांच्या बिलोलीच्या वेळचा निघाला. "काय अक्का! अजून हाईत का तुमी?"

"तुला पोचवून मग जाणार हाय."

तो हसला, आणि आम्हाला लवकर आत सोडलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. अक्का बसल्या नाहीत म्हणून मीही बसले नाही. अक्कांनी सगळं सांगितलं, एका दमात. शेवटी म्हणाल्या, "तुमी त्या दिवशी जे पाणी पिलात ना साहेब, ते हिनंच भरल्यालं. ग्लास बी हिनंच भरून दिला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही ऑफिसात होता?"

"हाव," मी म्हणाले.

"हजेरीत तुमचं नाव नाही."

"खंड होता."

"खंडात तुम्ही कामाला का येत होता? कुणी बोलावलं होतं का?"

अक्का माझ्याकडं बघत होत्या.

साहेब समजावून सांगू लागले. हळू, लहान मुलाला सांगावं तसं. "असं बघा. कुणी सांगितलं म्हणून तुम्ही येत होता, हे तुम्ही लेखी दिलं, तर मी ते वर पाठवतो. चौकशी होईल. तुम्ही खरंच सलग काम करत होता असं दिसलं तर तुमचंही नाव घेता येईल."

अक्कांनी लगेच विचारलं, "घेतील का? कायम होईल का?"

"होईलही. पण चौकशीला वेळ लागतो. तोवर यांना कामावर ठेवता येणार नाही."

"किती वेळ?"

"ते माझ्या हातात नाही."

टेबलावरचा पंखा फिरत होता. मला मुली दिसल्या. हे ओट्यावर बसलेले दिसले. बडेबाबूंचे जोडलेले हात दिसले. उद्या बडेबाबू नसतील तर दुसरे कुणी येतील, ते मला ओळखणार नाहीत. चौकशी संपेपर्यंत टँकरवर दुसरी बाई घागर घेऊन उभी असेल. मी हे सगळं तिथं उभ्या उभ्या मोजलं असं नाही. माझ्या तोंडातून आलं, "कुणी न्हाई बोलावलं. मी माझ्या मनानं येत होते."

अक्का म्हणाल्या, "अगं!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग बाई, त्याला काम म्हणता येत नाही." हे त्यांनी मऊ आवाजातच म्हटलं.

बाहेर आल्यावर शिपायानं विचारलं, "झालं का अक्का काम?" अक्कांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. बसस्टँडपर्यंत त्या माझ्यापुढं चालत होत्या, गुडघे दुखत असूनही. तिथं आल्यावर वळल्या.

"म्हातारी मी, नांदेडपर्यंत आले. तुला मूग गिळून बसायचं होतं तर आलीस कशाला?"

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "अक्का, चौकशी होईस्तर माझ्या घरात चूल कोण पेटवणार? तुमी?"

"पेटवते की."

"महिना पेटवाल. मग?"

त्यांनी कमरेला खोवलेले पैसे चाचपले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना हा हिशेब कधी करावाच लागला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "त्या बाबूचं नाव घेतलं असतंस तर तो गेला असता, तू राहिली असतीस."

"मी आधी गेले असते, अक्का."

"तुला वाटत असंल, मी मुद्दाम तुझं नाव न्हाई सांगितलं."

"न्हाई वाटत," मी म्हणाले. मधल्या महिन्यांत एकदोनदा वाटलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि आता ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं.

गाडी लागली. गर्दी होती. अक्कांना जागा मिळाली. त्यांनी थोडं सरकून मला टेकायला जागा केली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून चहा घेतला आणि अर्धा मला दिला. पुढं त्या डोळे मिटून बसल्या. झोपल्या नव्हत्या, कारण ओठ हलत होते, नाव घेत असतील.

मी बाहेर बघत होते. मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. माझा खंड आज संपत होता. उद्यापासून पुन्हा हजेरीत नाव लागणार, उद्याचा रोज धरला जाणार, उद्या टँकरवर मी नावासकट उभी असणार. आणि मला आनंद झाला. खरंच झाला. साहेबांच्या खोलीतून निघून फार वेळ झाला नव्हता, अक्का शेजारी बसल्या होत्या, आणि मी उद्याच्या रोजावर खूश होते.